तिला विचारू

अहो, पाहुणे गेले एकदाचे. सतरंज्या मंडपवाला घेऊन गेला, शेजारच्यांची पातेली घासूनपुसून परत दिली. आता सावेडीच्या ह्या घरात मी आणि तुमच्या शब्दांच्या चिठ्ठ्यांचे खोके, एवढेच उरलोत. दमलेय मी. रडून दमले म्हणावं तर तसंही नाही. तुमचं आजारपण सुरू झालं तेव्हापासूनचा शीण आहे, तो आता टेकल्यावर कळतोय. पण टेकलं की तुमच्याशी बोलायची सवय आडवी येते, म्हणून तुमच्याच कोऱ्या चिठ्ठ्यांवर हे लिहायला बसलेय.

कॉलेजात शोकसभा झाली. जो उठेल तो तुम्हाला शब्दांचा धनी म्हणत होता. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, शेवटी शेवटी ह्या धन्याला कपाचा कान धरून 'हे... हे धरतात ते' म्हणावं लागायचं, ते का नाही सांगत कुणी? मलाही दोन शब्द बोला म्हणाले. मी हात जोडले. मला बोलायचं होतं ते तुमच्याशी, त्यांच्याशी कशाला बोलू?

तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते राजुरात, आमच्या ओट्यावर. तुम्ही नवे प्राध्यापक. बाजाराच्या दिवशी एस.टी.नं उतरायचात आणि डोंगरातल्या वाड्यांवरून आलेल्या बायाबापड्यांना काहीबाही विचारत हिंडायचात. आमचे दादा तिथे शाळामास्तर, म्हणून जेवायला आमच्याकडे. जेवण झाल्यावर तुम्ही चुलीजवळ जाऊन बसलात आणि आईला विचारलंत, विस्तव फुलवायला तोंडानं वारा घालतात ती नळी, तिला तुमच्याकडे काय म्हणतात. आई माझ्याकडे बघत राहिली. तुमची पाठ वळल्यावर म्हणाली, "आगं, येवढा शिकल्याला बाप्या आन् ह्याला फुकनी ठावं न्हाई? कसं व्हायाचं ह्याचं?" पुढे स्थळ म्हणून तुमचंच नाव आलं तेव्हाही तिला तीच काळजी. पोरगं गुणाचं हाय, म्हणायची, पर लई अडानी.

तुम्हाला फुंकणी ठाऊक होती. सगळंच ठाऊक असायचं. पण तुमचा तो नियम. लग्नानंतर मला समजावलंत, "शब्द आपण द्यायचा नाही. आपण दिला की समोरचा भिडेपोटी हो म्हणतो, आणि आपण आपलाच शब्द घेऊन घरी येतो." पटलं मला. मराठी शाळेत पोरांना शिकवायचे मी, उत्तर तोंडात भरवलं की काय होतं ते मला कळत होतं. पण म्हणून घरातसुद्धा? शाळा सुटून मी घामेजून यायची, भाजी निवडायला बसायची, की तुम्ही खुर्ची ओढायचात. भाताची रोपं उपटून दुसऱ्या खाचरात लावतात, त्या कामाला... "आवणी!" मी ओरडायची. "आवणी, आवणी, आवणी. आता मेथी निवडू द्या." आणि तुम्ही असे खूश होऊन चिठ्ठी लिहायला बसायचात की माझा राग कुठल्या कुठे जायचा. मला वाटायचं, ह्या माणसाला मी बायको मिळाले की राजूरचा बाजार घरात आला?

तुमचं खरं वेड मात्र पुढचं. लोक कुठले शब्द तोंडातून काढत नाहीत, आणि न काढता कसं भागवतात, ते. साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. निघालेला माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. तुमचं म्हणणं, ह्या माणसांना शब्द सापडत नाही असं नाही. शब्द मुठीत असतो, म्हणून तर तो नेमका चुकवता येतो. ह्यावर पुस्तक करायचं ठरवलंत. अर्धा जन्म त्यात गेला.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा मला घेऊन भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला गेला होतात. तिथे एका वाडीत म्हातारी भेटली, दात पडलेली, डोळ्यांत मिश्किली. तुम्ही तिला नवऱ्याचं नाव विचारलंत. ती पदरात तोंड लपवून हसली आणि उलट तुम्हालाच म्हणाली, "मंगळवार झाला का कोन येतो, मास्तर? त्योच की आमचा." बुधा नाव होतं त्याचं. तुम्ही नुसते नाचायचे बाकी राहिलात.

परतीच्या एस.टी.त आपलं भांडण जुंपलं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुम्ही म्हणालात, बघ, नाव घेतलंही नाही आणि सांगितलंही, केवढी हुशारी, आणि केवढा मान. मी म्हटलं, मान कसला आलाय, तोंड बांधलंय तिचं, तिनं त्यातून फट काढली एवढंच. आणि त्या बुधाला तिचं नाव विचारा. तो 'आमची मंडळी' म्हणून मोकळा होईल. तिच्यासाठी तो कुठला वार शोधत बसायचा नाही. तुम्ही खिशातलं पेन काढलंत. मग म्हणालात, हे लिहायला पाहिजे.

"मग माझा वार कुठला, ते पण लिहा," मी म्हटलं.

तुम्ही खिडकीबाहेर बघून हसलात. "लिहीन. शेवटच्या प्रकरणात."

मस्करी नव्हती ती माझी, तुम्हाला कळलंही होतं. बाकीच्या बायकांना निदान 'बाळूची आई' असतं. आपल्याला लेकरू झालं नाही, म्हणजे तेही आडवळण तुमच्याजवळ नव्हतं. मला हाक मारायला तुमच्यापाशी काय होतं? 'अगं'. नगरात अशा किती अगं असतील! भाजीबाजारात तुम्ही मागून 'अगं' म्हणालात की चार बाया वळून बघायच्या. मी तुमचं नाव घेत नव्हते, त्याला निदान रीत होती. तुमच्या तोंडाला कुणी कुलूप लावलं होतं? हे मी दर दोन-चार महिन्यांनी काढायची. तुम्ही चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायचात आणि म्हणायचात, जे सगळ्यात जवळचं असतं ना, तेच माणूस चुकवतो. आणि मी म्हणायची, हे तुमच्या पुस्तकात ठेवा, मला नका सांगू.

मग ती सकाळ. तुम्ही पेपर वाचत होतात आणि मला म्हणालात, "ते दे गं. ते... डोळ्यांना." चष्मा तुमच्या नाकावरच होता. मला आधी वाटलं नेहमीचंच चाललंय, काढतायत माझ्याकडून शब्द. मी म्हटलंसुद्धा, आता ह्या वयात चष्म्याला राजूरला काय म्हणतात ते विचारताय होय? तेवढ्यात तुमच्या हातातला पेपर गळून पडला.

हात आणि पाय थोडक्यात वाचले. डॉक्टर म्हणाले नशीब थोर. पण बोलण्यातली नावं गेली. क्रियापदं राहिली, नावं गेली, असं व्याकरणात तरी असतं का कुठे? भाकरी म्हणजे 'थापतात ती', वाणी म्हणजे 'तो, मोजून देतो', पाऊस म्हणजे नुसता वर केलेला हात. आयुष्यभर जे प्रश्न शब्द खिशात ठेवून विचारलेत, तेच आता रिकाम्या खिशानं विचारायला लागलात. मला रात्रंदिवस तुमच्यासमोर बसून ओळखायचं काम लागलं. मला ओळखता न आलेल्या गोष्टीसाठी तुम्ही हात आपटायचात आणि मी एकामागून एक नावं घेत सुटायची, पाणी का, गोळी का, पांघरूण का, पंखा का, आणि शेवटी दोघंही थकून जायचो.

मिलिंद दर रविवारी यायचा. तुमचा विद्यार्थी, आपल्या राजूरच्याच बाजूचा, आता तुमच्याच जागेवर शिकवतो. 'जय भीम, काकू' म्हणत चपला काढायचा आणि मला बाजारात पिटाळायचा, जा म्हणायचा, मोकळ्या हवेत फिरून या, मी बसतो सरांजवळ. एका रविवारी मी परत आले तर आतून तुमचा आवाज चढलेला. "ते दे... आत्ता... जायचं नाही, इथंच..." आणि मिलिंद पुढे वाकून, अगदी तुम्ही शिकवलेल्या अदबीनं, विचारतोय, बरं सर, ते कशाचं असतं? घरात कुठे ठेवतात? आणि तुम्हीसुद्धा इमानदारीनं उत्तरं देताय! पलंगाखाली हात दाखवताय, तर तो म्हणतोय, छान सर, आणि त्याचा उपयोग काय? मी पिशवी टाकून धावले, भांडं ओढलं, तोवर चादर भिजली होती.

मी मिलिंदवर कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. अरे, माणसाला लघवीला लागलीय, तुला शब्द कसला पाहिजे? तो एवढा बाप्या, हुंदके देऊन रडायला लागला. म्हणाला, सरांनीच सांगितलंय काकू, शब्द आपण द्यायचा नाही. आणि तुम्ही? तुम्ही हसत होतात. ओल्या चादरीवर बसून, अर्ध्याच तोंडानं, पण पोटापासून. त्याच्या डोक्यावर हात ठेवून 'बरोबर, बरोबर' म्हणत होतात. मग मलाही हसू आवरेना. आजारपणातला तेवढाच एक दिवस मला चांगला म्हणून आठवतो.

त्यानंतर मी ठरवलं, तुम्ही तोंड उघडलंत की शब्द आपणच पुढे करायचा. तर ते तुम्हाला खपेना. कप बाजूला सारायचात. "मी. मी म्हणतो." मग चहा गार होईपर्यंत मी बघत बसायची, तुमचे ओठ नुसते हलायचे, कपाळावर घाम यायचा. शब्द द्यावा तर राग, न द्यावा तर चादर. काय करायचं माणसानं?

पुण्याहून आठवड्याला एक मुलगी दवाखान्यात यायची, बोलणं गेलेल्यांना बोलतं करायला. गोड पोरगी होती. चित्रांचे पत्ते मांडायची. तिनं मला सांगितलं, काकू, जे शब्द रोज तोंडात होते ते आधी परत येतात. आणि आले हो. चहा आला. एस.टी. आली. चिठ्ठी आली. एके दिवशी दारात बघून 'मिलिंद' म्हणालात, तेव्हा त्याला पेढे आणायला पळायचं होतं. मी आपली वाट बघत होते. कशाची, ते कुणाला सांगायची लाज वाटत होती. ह्या वयात, ह्या अवस्थेत, हिचं काय मध्येच, असं वाटलं असतं कुणालाही.

मग त्या मुलीनं घरातले फोटो मागवले. माझा फोटो तुमच्यासमोर धरला आणि विचारलं, ह्या कोण? तुम्ही फोटोकडे बघितलंत, मग माझ्याकडे, मग परत फोटोकडे. "ती," म्हणालात. "विचारायची." मुलगी म्हणाली, कुणाला विचारायचं, काका? तुम्ही मान हलवलीत. "तिला. तिला विचारायचं. मग... होतं." आणि काम झाल्यासारखे खुर्चीला टेकून बसलात. ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, नाव येईल हळूहळू. रिक्षातून येताना मी दुकानांच्या पाट्या वाचत बसले. चहा परत आला, कारण चहा रोज म्हणत होतात. माझं नाव तोंडात कधी नव्हतंच, ते परत यायचं कुठून?

तीच मुलगी मला म्हणाली, तुम्हीही त्यांना नावानं हाक मारा, कानावर नावं पडू देत. घ्या! एवढी वर्षं हजेरी घेतली, अर्ध्या नगरची पोरं नावानं पुकारली, पण तुमचं एक नाव ओठांवर येईना. आरशासमोरसुद्धा नाही आलं. शेवटी तिनंच वाट दाखवली. पाठ केलेलं लवकर जात नाही म्हणाली, पाढे, श्लोक, गाणी. खरंच, तुम्ही बेचा पाढा घडाघडा म्हणून दाखवलात. आणि मला तुमचा उखाणा आठवला.

आपल्या लग्नात बायांनी दार अडवून तुमच्याकडून घेतलेला. तुम्ही स्वतः जुळवलेला, आणि तेवढ्यावरून माझ्या मैत्रिणी मला महिनाभर चिडवत होत्या. तेवढं एकदाच माझं नाव तुमच्या तोंडून निघालं होतं. दुपारची वेळ होती, तुम्ही खिडकीशी बसला होतात. मी समोर बसले आणि सुरुवात करून दिली, राजूरच्या बाजारी... तुमचा चेहराच बदलला. "सापडली शब्दांची खाण," तुम्ही म्हणालात, त्याच ठेक्यात, त्याच ऐटीत. मी गप्प राहिले. शब्द आपण द्यायचा नाही. तुम्ही श्वास घेतलात, ओठ हलले, गळ्याची गाठ वरखाली झाली, आणि मग ऐकू आलं, "...चं नाव घेतो, राखून सर्वांचा मान."

नावाच्या जागी नुसता एक आवंढा. बाकी सगळा उखाणा तंतोतंत. आणि तुम्ही इतके खूश की आता शाबासकी द्या म्हणून माझ्याकडे बघताय.

मी उठले. आत गेले, चहाचं आधण ठेवलं आणि पाणी आटेपर्यंत तिथेच उभी राहिले. राग आला होता मला तुमचा, आजारी माणसाचा. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "अगं." तो शब्द काही गेला नव्हता.

त्यानंतर तुम्ही फार दिवस राहिला नाहीत. दुसरा झटका आला तो पुरता घेऊन गेला.

बायका जमल्या. त्यातली एक माझ्या कानाशी लागून म्हणाली, काकू, बांगड्या वाढवायच्या आहेत. तेव्हा मला तुमचीच आठवण आली, आणि त्या तसल्या वेळी मी तुमच्याशी भांडायला लागले मनातल्या मनात. हे बघा तुमच्या आडवळणाचं काय होतं ते. बाईच्या हातातलं काढून घ्यायचं आणि शब्द वापरायचा वाढवण्याचा! मी मोठ्यानं म्हणाले, फोडायच्या आहेत म्हणा. मग मी मोरीत गेले, साबण लावून एकेक बांगडी उतरवली आणि कपाटात ठेवून दिली. ह्याला तुमच्याकडे उत्तर असणार, मला माहीत आहे. चष्मा पुसत म्हणाला असतात, फोडा म्हणणं त्या बाईच्या जिवावर आलं गं. आणि तिच्याकडे बघितलं तर खरंच ती थरथरत होती. पण ते ऐकवायला तुम्ही नव्हतात, म्हणून तेवढ्यापुरती मी जिंकले.

शोकसभेत सगळ्यात शेवटी मिलिंद उठला. त्याला नीट बोलता येत नव्हतं, कागद घडी करून खिशात घातला त्यानं. म्हणाला, डोंगरात हिंडताना दोन माणसांनी एकाच गोष्टीला दोन नावं सांगितली की सर पेनाला टोपण लावायचे आणि म्हणायचे, तिला विचारू. प्रत्येक वेळी एवढंच. तिला विचारू. आम्ही पोरं त्यावरून आपसात हसायचो. पण ती म्हणजे कोण, हे सरांनी कधी सांगितलं नाही आणि आमच्यातल्या कुणालाही कधी विचारावं लागलं नाही.

लोक हसले. मी नाही हसले. मला तो दवाखाना दिसत होता, तो फोटो, ती पत्ते मांडणारी पोरगी. अहो, तुम्ही अडला नव्हतात. ह्या कोण म्हणून विचारलं आणि तुम्ही सांगितलंत. एकदा नाही, दोनदा. आम्ही दोघी मात्र ते ऐकूनही पुढे नाव येईल म्हणून ताटकळत बसलो होतो. म्हणजे माझाही वार होता तर. रोज उठून मला सोडून साऱ्या जगाला सांगत होतात.

तरी मी हरले म्हणणार नाही. एकदा, एखाद्या संध्याकाळी, कारण नसताना, 'यमुना' म्हणाला असतात तर काय झिजलं असतं तुमचं? मला ते ऐकायचं होतं. अजूनही हवंय. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण कोरंच आहे, मिलिंद विचारत होता काय करू या. मी म्हटलं, राहू दे तसंच.

परवा दाखल्यासाठी नगरपालिकेत गेले. मिलिंद बरोबर होता. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, मयताचं नाव? मिलिंद सांगायला पुढे झाला. मी त्याचा हात धरला. तो समजला आणि मागे सरला. मग मी तुमचं नाव घेतलं. यमक नाही, काही नाही. तुमचं, मामंजींचं, मग आडनाव. त्याला ऐकू गेलं नाही, म्हणाला मोठ्यानं सांगा, बाई. पुन्हा घेतलं, मोठ्यानं. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं असेल. त्यानं लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं, तुमचं नाव? तेही सांगितलं. बाहेर आल्यावर मला पायरीवर बसावं लागलं. मिलिंदनं रसवंतीतून रस आणून दिला. इथे मात्र मी तुमचं नाव कुठे लिहिलेलं नाही, बघताय ना.

आता माझं नाव सगळे घेतात. पेन्शनच्या कचेरीत यमुनाबाई, बँकेत यमुनाबाई, पोस्टमन फाटकातून ओरडतो यमुनाबाई. मिलिंद आहे, काकू म्हणतो. जुनी पोरं रस्त्यात भेटतात, बाई म्हणतात. माझं नाव टाळणारं तेवढं कुणी उरलं नाही.